हिरड्यांचा विकार : शस्त्रक्रिया केव्हा हवी, केव्हा नको?

'पायोरिया' हा शब्द आपल्या घराघरांतून परिचित आहे. परंतु त्यावर उपचार आहेत हे थोड्यांनाच ठाऊक असते. दात हलू लागला की तो काढून टाकायचा, हीच सर्वसाधारण समजूत. त्यातच 'हिरडीचे ऑपरेशन' हा शब्द कानी पडला की माणूस दवाखान्याची पायरीच चढत नाही. म्हणून दोन्ही उपचारपद्धतींचा येथे थोडक्यात विचार करू.

दातांवर रोज जंतूंचा चिकट थर जमतो. तो न निघाल्यास लाळेतील क्षारांमुळे टणक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. हिरडी सुजते, दात घासताना रक्त येते. या पायरीवर स्वच्छता झाली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर हिरडी दातापासून सुटते, पोकळी तयार होते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. निरोगी हिरडीची खाच साधारण १ ते ३ मि.मी. असते. दंतवैद्य खुणांच्या बारीक सळईने ही खोली मोजतात. उपचार ठरवताना या मापाला फार महत्त्व असते.

पहिली पद्धत शस्त्रक्रियेविना. हिरडी न कापता तिच्याखालील कीटण हत्याराने किंवा कंपनयंत्राने खरवडून काढतात; गरजेनुसार जागा बधिर करतात. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप होते. दुसऱ्या पद्धतीत हिरडी उचलून मुळे प्रत्यक्ष पाहून साफ करतात व टाके घालतात.

यांत श्रेष्ठ कोणती? २००२ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार १ ते ३ मि.मी. खोलीला शस्त्रक्रियेने उलट नुकसानच होते. ४ ते ६ मि.मी.मध्ये शस्त्रक्रियेने पोकळी जास्त उथळ होते, पण हिरडीची दातावरील पकड साध्या सफाईने अधिक सुधारते. ६ मि.मी.हून खोल पोकळीत मात्र दोन्ही बाबतींत शस्त्रक्रिया किंचित सरस ठरते. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांचाही रोख हाच आहे : आधी सफाई, आणि त्यानंतरही ६ मि.मी. वा अधिक खोली उरल्यास शस्त्रक्रियेचा विचार.

'सफाईने दात ढिले होतात' हा गैरसमज आहे. कीटण निघून सूज उतरली की आधीच झालेली झीज उघडी पडते, इतकेच.

एक गोष्ट विसरू नये. झिजलेले हाड म्हणजे गेलेले मुद्दल; बहुतेक ठिकाणी ते पूर्णपणे परत येत नाही. उपचार कोणताही घ्या, रोजची स्वच्छता आणि ठराविक मुदतीने तपासणी नसेल तर रोग परततो. मिश्री, तंबाखू व विडी सोडावी. मधुमेह असल्यास तो आटोक्यात ठेवावा. खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. रक्त दिसताच तेथे जावे. दात हलण्याची वाट पाहू नये.