सेवाकार्य एका दिवसाचे नव्हे
जेसल पार्कच्या खाडीकाठावरून सेवासंस्थांच्या कार्याचा विचार

ठाणे जिल्ह्यातील भाईंदर पूर्व येथील जेसल पार्क ही वसईच्या खाडीला लागून असलेली दाट लोकवस्ती आहे. हा परिसर पूर्वी ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली होता. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली व २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. अशा झपाट्याने वाढलेल्या नगरात शेजारधर्माची जुनी बंधने सैल होतात आणि ती पोकळी भरून काढण्याचे काम पुष्कळ अंशी सेवासंस्थांकडे येते. किनाऱ्याची स्वच्छता, विसर्जनानंतर निर्माल्याचे संकलन, रक्तदान आणि नेत्रतपासणी हे या संस्थांचे परिचित उपक्रम होत. या उपक्रमांचा लाभ टिकाऊ कसा होईल, याचा विचार अधिकारी, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांनी करणे अगत्याचे आहे.

चळवळीची पूर्वपीठिका

रोटरीची स्थापना १९०५ मध्ये व लायन्सची १९१७ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे झाली. मुंबईत रोटरी क्लब १९२९ मध्ये, तर लायन्स क्लब १९५६ मध्ये सुरू झाला. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी केलेल्या आवाहनानंतर लायन्सने अंधत्वनिवारण हे आपले प्रमुख कार्य मानले. महाराष्ट्राला मात्र सेवेचा धडा परदेशातून घ्यावा लागला नाही. हाती खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या संत गाडगेबाबांनी श्रमदानाची परंपरा येथे रुजविली होती. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि महाविद्यालयीन तरुण या परंपरेशी जोडला गेला.

पोलिओ निर्मूलनाचा धडा

शासन आणि स्वयंसेवक यांच्या सहकार्याचे उत्तम उदाहरण म्हणजे पोलिओ निर्मूलन. रोटरीने १९८५ मध्ये या कार्यासाठी जागतिक मोहीम हाती घेतली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी सारा भर लसीकरण केंद्रांवर होता. परंतु केंद्रावर न आलेली बालके तशीच राहत आणि विषाणूला नेमका त्यांच्यातच आसरा मिळे. म्हणून पुढे केंद्रदिनानंतरच्या दिवसांत घरोघर जाऊन राहिलेली बालके शोधण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. करंगळीवर शाईची खूण आणि दारावर खडूची नोंद या साध्या साधनांनी कोणते मूल राहिले हे कळू लागले. देशातील अखेरचा नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

मोहिमेचे यश उद्घाटनाच्या दिवशी ठरत नाही. ते दुसऱ्या दिवशी, राहिलेल्यांची यादी हाती घेऊन निघणाऱ्या स्वयंसेवकावर अवलंबून असते, हा यातील बोध आहे.

स्थानिक कार्यास लागू पडणाऱ्या बाबी

खाडीकाठच्या स्वच्छतेचेच पाहा. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येतात व त्यांच्याद्वारे झाड हवा घेते. प्लास्टिकच्या पिशव्यांनी ती झाकली गेली की झाड गुदमरते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीबरोबर हा कचरा पुन्हा आत येतो. त्यामुळे स्वच्छतेचा दिवस प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने न ठरविता ओहोटीची वेळ पाहून ठरवावा आणि दर महिन्यास फेरी ठेवावी. गोळा झालेला कचरा त्याच दिवशी उचलला जाईल अशी व्यवस्था महानगरपालिकेशी बोलून आधीच करावी. अन्यथा काठावर रचलेला ढीग पुढच्या भरतीत पुन्हा खाडीत जातो. कांदळवनास कायद्याचे संरक्षण असून मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निर्णयात त्याच्या तोडीस मनाई केली आहे. तेव्हा तेथे लागवड करावयाची झाल्यास वन विभागाचे मार्गदर्शन घेणे इष्ट.

रक्तदानाच्या बाबतीतही नियोजन महत्त्वाचे ठरते. लाल रक्तपेशी साधारणतः ३५ ते ४२ दिवस टिकतात, तर प्लेटलेट्स केवळ ५ दिवस. जयंती व वर्धापनदिनी सर्वांनी एकाच वेळी शिबिरे घेतली, तर साठा वाढून काही वाया जाऊ शकतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत रुग्णाच्या नातेवाइकांना मात्र वणवण करावी लागते. रक्तपेढीच्या सल्ल्याने संस्थांनी वर्षाचे वेळापत्रक आपसांत वाटून घेतल्यास ही अडचण पुष्कळशी दूर होईल.

नेत्रदानाचे संकल्पपत्र भरून घेणे सोपे असते. परंतु मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपटल काढावे लागते आणि त्यास नातेवाइकांची संमती लागते. घरच्यांना संकल्पाची माहितीच नसेल, तर ते पत्र कपाटातच राहते. म्हणून संकल्प करणाऱ्याच्या कुटुंबाची भेट घेणे, नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक घरात ठळकपणे लिहून ठेवण्यास सांगणे, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा व पंखा बंद करावा ही माहिती देणे, हाच या उपक्रमाचा गाभा होय.

जबाबदारीची वाटणी

सेवासंस्थेने नागरी यंत्रणेची जागा घ्यावयाची नसते, तिला हातभार लावावयाचा असतो. अधिकाऱ्यांनी संस्थांना परिसराची गरज सांगावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना केवळ रांगेत उभे न करता निरीक्षण व नोंदीचे काम द्यावे. पंचायत सदस्यांनी उपक्रम संपल्यावर त्याची देखभाल कोणाकडे राहील हे ग्रामसभेत ठरवून घ्यावे. प्रत्येक उपक्रमाची एक साधी नोंदवही असावी. काय केले, कोण राहिले आणि पुढची तारीख कोणती, हे तीन रकाने तीत पुरेसे आहेत. आज भाईंदरसारखी नगरे ज्या प्रश्नांना तोंड देत आहेत, ते उद्या वाढत्या गावांपुढेही उभे राहणार आहेत. त्या वेळी गावातील सेवाभाव या नोंदवहीच्या आधारे कामाला लागला, तर त्याचे फळ समारंभाचा मांडव उतरल्यावरही गावाला मिळत राहील.