सोडायचं ते जागरण, चित्रं नव्हे

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. कॉमिक्स काढायचं मला वेड आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काढत बसते. चाचणीत गुण घसरले, तेव्हापासून घरचे म्हणतात, ‘काहीतरी एकच धर.’ चित्रं सोडावीच लागतील का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : गुण चित्रांनी नव्हे, जागरणाने घसरले असावेत. ते आधी थांबव. ‘एकच धर’ हेही खरं नाही. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला नव्हता. म्हैसूरला बी. ए. करता करता ते थोरले बंधू, लेखक आर. के. नारायण यांच्या कथांना ‘द हिंदू’त चित्रं काढत.

परीक्षेपर्यंत लांबलचक चित्रकथा हाती घेऊ नकोस. आठवड्याला चार चौकटींची एक पट्टी पुरे. रोज अभ्यास आटोपल्यावर वीस मिनिटं पेन्सिलीचं कच्चं काम, शाई-रंग रविवारी. अभ्यासात कल्पना सुचली, तर दोन ओळींत टिपून ठेव. ती पळून जात नाही.

सायन्स घेतलं म्हणून कलेचं दार बंद होत नाही. आयआयटी मुंबईच्या बी. डिझाइनसाठीची ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेतून देता येते. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची वेगळी सीईटी असते. मात्र अर्जांच्या तारखा ऐन बारावीत येतात, त्या आत्ताच बघून ठेव.

घरच्यांशी वाद घालू नकोस. वेळापत्रक भिंतीवर लाव आणि महिनाभर पाळून दाखव. त्यांची काळजी निम्मी तिथेच मिटेल.