हात न लावता वाजवायचं तर

भाचेबुवा,

तू पाठवलेलं थेरमिनचं रेकॉर्डिंग ऐकलं. भुताच्या सिनेमात खपून जाईल असं वाजवलं आहेस आणि तेवढ्यावर खूश आहेस, म्हणून लिहिते.

क्लारा रॉकमोर ऐक. १९११ साली विल्नियसला जन्मलेली ही बाई मुळात व्हायोलिनची. अगदी लहान वयात सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत गेली, लिओपोल्ड आउअरकडे शिकली. पण बालपणीच्या उपासमारीने हाडं कमजोर झालेली. ऐन उमेदीत गज खाली ठेवावा लागला. पुढे न्यूयॉर्कमध्ये तिला लेव्ह थेरमिन आणि त्याचं हे वाद्य भेटलं.

उजवा हात उभ्या अँटेनाजवळ नेला की स्वर चढतो, डावा कडीजवळ नेला की आवाज बारीक होतो, हे तूच मला शिकवलंस. पडदे नाहीत, तार नाही, बोट टेकायला जागाच नाही. मग भरवसा फक्त कानाचा, आणि तो तिने व्हायोलिनवर कमावलेला होता. हवेतल्या हवेत बोटं मिटत-उघडत स्वर सुटे काढायची पद्धत तिने स्वतः बसवली. अंग जरा हललं तरी स्वर ढळतो, त्यामुळे वाजवताना जवळजवळ निश्चल उभं राहणं आलं. तू मात्र डोलतोस! तुझ्या घसरण्याला मींड म्हणू नकोस. मींड घेणाऱ्याला कुठे पोचायचं ते आधी ठाऊक असतं.

आणि वाद्य मिळालं तसं तिने मुकाट घेतलं नाही. तीन सप्तकं पुरेनात, तेव्हा थेरमिनने तिच्यासाठी पाच सप्तकांचं, आवाज झटकन तोडता येईल असं वाद्य बनवलं. १९४५ साली हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’ सिनेमात सॅम्युअल हॉफमन थेरमिन वाजवत होते (पेशाने पायांचे डॉक्टर!), त्याच वर्षी क्लारा स्टोकोव्स्कीच्या ऑर्केस्ट्रासोबत फुलैहानचा कॉन्चेर्टो वाजवत होती. हॉफमन वाईट नव्हते; पण तुझा कल आधीच सिनेमातल्या आवाजाकडे आहे, म्हणून तुला क्लारा सुचवते. तिची तबकडी निघाली थेट १९७७ साली, पियानोवर बहीण नादिया. त्यातला साँ-साँचा ‘हंस’ आधी ऐक.

सध्या धून नको. तानपुरा लाव आणि सा, पंचम, वरचा सा, एवढंच कर. पंचमावर थांबता आलं की रेकॉर्डिंग पाठव. रिव्हर्ब लावलास तर मला कळेल.

तुझी आत्या