लाथा, कोपरं आणि पहिले दोनशे मीटर

पाण्यात शिरून मिनिटही झालं नव्हतं, तेवढ्यात कोणाची तरी टाच माझ्या डाव्या डोळ्यावर बसली. गॉगलची काच खोबणीत रुतली आणि आत पाणी भरलं. श्वास घ्यायला मान वर काढली, तर मागच्याचा हात डोक्यावर आला. पुढची पाच मिनिटं मी बचावासाठी ठेवलेल्या कयाकला लटकून खोकत होतो. ही माझी पहिली ट्रायथलॉन, म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. त्याआधी तलावात तीन-तीन किलोमीटर न थांबता पोहून मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. मला पोहता येत होतं, पण गर्दीत पोहायची सवय नव्हती, आणि ती वेगळी लावून घ्यावी लागते हे कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे या खेळात येणारी मंडळी साधारण दोन प्रकारची. काही जण लहानपणी पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत शिकलेले. त्यांना खोल पाण्याचं काही वाटत नाही, पण श्वासाची शिस्त नसते. बाकीचे चाळिशीच्या आसपास तलावावर रीतसर फ्री स्टाइल शिकलेले. त्यांचा हात सुबक पडतो, पण तळाची काळी रेघ दिसेनाशी झाली की जीव घाबरा होतो. गोव्यात 2019 साली मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमन 70.3 ही ट्रायथलॉन सुरू झाली आणि पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे कितीतरी जण 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायला उतरू लागले. त्यातल्या अनेकांनी एवढ्या माणसांमध्ये पोहणं पहिल्यांदा अनुभवलं ते थेट शर्यतीच्या दिवशी.

दोन महिने आधी, तलावातच

मार खायची सवय तलावात लावता येते. तीन मित्र गोळा करा आणि एकाच लेनमध्ये खांद्याला खांदा लावून 50 मीटर पोहा. मधल्याला दोन्हीकडून कोपरं बसतील. दर फेरीला मधला बदला. मग एकामागे एक पोहा आणि मागच्याला मुद्दाम पुढच्याच्या तळव्यांना हात लावायला सांगा. पहिल्या दिवशी दर स्पर्शाला दचकाल. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षही जाणार नाही. सरावातून एवढंच हवं आहे.

गॉगलसाठी वेगळा सराव करा. खोल बाजूला जाऊन गॉगल मुद्दाम काढा, उताणे व्हा, पायांनी हलकं पाणी मारत तो रिकामा करून पुन्हा चढवा. भिंतीला हात लावायचा नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट लागेल, नंतर दहा सेकंदांत जमेल. एका डोळ्यात पाणी भरलेल्या गॉगलनिशी 100 मीटर पोहा. एकदा गॉगलशिवाय 200 मीटर पोहून बघा. डोळे चुरचुरतात, पण दिसतं.

श्वास दोन्ही बाजूंना घेता आला पाहिजे. उजवीकडे कोणी पाणी उडवत असेल किंवा त्या बाजूने लाट येत असेल, तर तोंड डावीकडे वळवता यायला हवं. समोर बघण्याचाही सराव हवा. पूर्ण डोकं वर काढलं की पाय बुडतात. मगर जशी फक्त डोळे पाण्याबाहेर ठेवते, तसे डोळे क्षणभर वर काढायचे आणि लगेच मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. बघणं वेगळं, श्वास वेगळा. तलावाच्या टोकाला कठड्यावर लाल बादली ठेवा आणि दर आठ-दहा हातांनंतर ती शोधा.

आता श्वास सोडण्याबद्दल. धाप लागल्यावर आपल्याला वाटतं हवा कमी पडते आहे, म्हणून माणूस आणखी हवा आत ओढतो. खरं तर छातीत जुनी हवा साठलेली असते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की गुदमरल्यासारखं होतं. त्यामुळे तोंड पाण्यात असेल तेवढा सगळा वेळ हवा बाहेर जात राहिली पाहिजे. मी पाण्यात पाढे म्हणतो, मोठ्याने, बुडबुड्यांसकट. बोलायचं म्हणजे हवा सोडावीच लागते. एकोणतिसाचा पाढा घेतला तर डोकंही कामाला लागतं आणि घाबरायला सवड मिळत नाही. शेजारच्या लेनमधल्या काकांना मी वेडा वाटतो, पण त्याला इलाज नाही.

उघड्या पाण्यात, पण एकट्याने नाही

शर्यतीआधी निदान चार-पाच वेळा नदी, तळं किंवा समुद्रात उतरलेलं असावं. सोबत पोहणारा हवा, कमरेला भडक रंगाचा फुगा हवा आणि समुद्र असेल तर भरती-ओहोटीची वेळ ठाऊक हवी. तिथल्या मच्छीमाराला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. पाणी कुठे ओढतं हे त्याला कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं कळतं. गर्दीची रंगीत तालीम हवी असेल तर मालवणला चिवला बीचवर होणारी सागरी जलतरण स्पर्धा उत्तम. लहान पोरांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे गटागटाने उतरतात, पुढे सायकल नाही की धावणं नाही. लक्ष फक्त पाण्यावर राहतं.

आदल्या दिवशी आणि सकाळी

सूचनांच्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी लिहून आणा: मार्ग दाखवणारे तरंगते बोये कुठल्या हाताला ठेवून वळायचं, सुरुवात कशी होणार आणि पाण्यातून बाहेर पडायची वेळमर्यादा किती. 70.3 मध्ये ती साधारण 1 तास 10 मिनिटं असते. सुरुवात सगळ्यांची एकदम, वयोगटांनुसार तुकड्यांनी किंवा रांगेतून दर काही सेकंदांनी थोडेथोडे सोडून, अशी असू शकते. तिसऱ्या पद्धतीत तुमची वेळ तुम्ही वेळ नोंदवणाऱ्या पट्टीवरून पाण्यात जाता तेव्हा सुरू होते. म्हणजे मागे उभं राहून काहीही जात नाही. तरीही लोक एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे पुढच्या जागेसाठी धडपडतात आणि मग वेगवान मंडळी त्यांच्या पाठीवरून निघून जातात. अंदाजे वेळेच्या पाट्या असतील तर तुमच्या खऱ्या वेळेच्या पाटीमागे उभे राहा, मनातल्या नव्हे.

मिरामारसारख्या कोमट समुद्रात वेटसूटची आशा धरू नका. आयर्नमनच्या नियमांत 24.5 अंश सेल्सिअसच्या वर वेटसूट घालून बक्षिसाला पात्र राहता येत नाही आणि 28.8 च्या वर तो घालताच येत नाही. वेटसूट तरंगायला मदत करतो, म्हणून काही जण त्याच्याच भरवशावर असतात. त्यांनी निदान महिनाभर आधी त्याच्याशिवाय पोहायला लागावं.

नखं कापा. काखेत आणि मानेला व्हॅसलीन लावा. आधी स्वतःची कॅप, तिच्यावर गॉगल आणि त्यावर आयोजकांनी दिलेली कॅप, असा क्रम ठेवा. मग लाथ बसली तरी गॉगल गळ्यात येईल, समुद्रात जाणार नाही. वेळ नोंदवणाऱ्या चिपचा पट्टा घोट्यावर घट्ट बांधा. पाण्यात उतरायची मुभा असेल तर पाच-सात मिनिटं पोहून घ्या. नसेल तर काठावर दंड फिरवा आणि तोंडावर, मानेवर पाणी मारा.

उभं कुठे राहायचं? पहिला बोया उजव्या हाताला ठेवून वळायचं असेल, तर सगळी गर्दी उजवीकडे एकवटते. तुम्ही डावीकडे कडेला राहा. लोकांना वाटतं कडेने गेलं की अंतर फार वाढतं. हिशेब करून बघा: पहिला बोया 300 मीटरवर आहे आणि तुम्ही 20 मीटर बाजूला उभे आहात, तर तिरकं अंतर 300.67 मीटर होतं. म्हणजे पाऊण मीटरही नाही. तेवढ्यासाठी कोपरं खायची तर खुशाल खा.

पहिले दोनशे मीटर

समुद्रात उथळ वाळू असेल तर गुडघे उचलत मांडीएवढ्या पाण्यापर्यंत चालत जा, पळू नका. मग पोहायला लागा, आणि इतकं सावकाश की स्वतःचीच लाज वाटावी. भोंगा वाजल्यावर आजूबाजूचे सगळे सुसाट निघतात. त्यांच्याबरोबर तुम्ही निघालात की शंभराव्या मीटरला धाप लागते आणि नेमकी तिथेच गर्दी सर्वांत दाट असते. या टप्प्यात तुमचं काम एकच आहे, श्वास पूर्ण सोडणं. वेग आपोआप येईल.

हात पुढे टाकल्यावर नेहमीपेक्षा क्षणभर जास्त तिथेच राहू द्या. पुढचा हात चेहऱ्यासमोर असला की टाच डोळ्याऐवजी मनगटावर बसते. कोणी पाय धरला तर मागे वळू नका, चार-पाच वेळा पाय जोरात मारा. मागच्याला कळतं. कोणी पाठीवर चढलं तर कुस्ती खेळू नका. एक हात मारायचा थांबा, बाजूला सरका, त्याला जाऊ द्या. तो तुमच्यावर खार खाऊन आलेला नाही, त्याला तुम्ही दिसलेलाच नाहीत. दोघांच्या मध्ये चेपला गेलात तर वेग कमी करा. ते दोघं पुढे जातील आणि त्यांच्या पायांमागची शांत जागा तुम्हाला मिळेल.

त्या जागेची किंमत ओळखा. पोहताना दुसऱ्याच्या मागे राहणं नियमात बसतं. तसंच सायकलवर केलंत तर दंड होतो. पुढच्याच्या पायांपासून हातभर मागे, किंचित बाजूला राहिलं की तेवढ्याच वेगाला कष्ट कमी पडतात. पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. मी एकदा एका निळ्या टोपीमागे भक्तिभावाने पोहत राहिलो. दोघंही भलत्याच बोटीकडे निघालो होतो. समोर बघायचं काम आपलं आपणच करायचं.

ब्रेस्टस्ट्रोकला बंदी नाही. पण गर्दीच्या मधोमध एकदम ब्रेस्टस्ट्रोक सुरू केलात तर तुमचे फाकलेले पाय कोणाच्या तरी तोंडावर बसतील. आधी कडेला या.

जीव घाबरला तर

याची चिन्हं आधी कळतात. श्वास तोकडे होतात, कपडे गळ्याशी आवळल्यासारखे वाटतात, किनारा शोधायला मान सारखी वर जाते. हे सुरू झालं की तसंच रेटू नका. कडेला सरका, उताणे व्हा, आकाश बघा. तोंडाने लांब फुंकर घाला, दिव्यावर घालतात तशी, आणि अशा दहा फुंकरा मोजा. मग दहा हात ब्रेस्टस्ट्रोक, मग पुन्हा फ्री स्टाइल. बहुतेक वेळा दोन मिनिटांत सगळं ताळ्यावर येतं.

नाहीच आलं तर हात वर करा. कयाकला किंवा बोयाला धरून दम खायला परवानगी आहे, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हे कित्येकांना माहीतच नसतं. कयाकला हात लावला की बाद, असं समजून ते गटांगळ्या खात राहतात.

छातीत दुखणं, हृदयाचे ठोके भलतेच चुकणं, थांबूनही दम न बसणं, खोकल्यातून गुलाबी फेस येणं, यांपैकी काहीही झालं तर शर्यत तिथेच संपली. बोटीत चढा आणि डॉक्टर बघेपर्यंत उठू नका. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना तपासणारा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. 1985 ते 2016 या काळातल्या 135 घटनांपैकी 90 पोहताना घडल्या होत्या आणि त्यात बहुसंख्य पुरुष होते, सरासरी वय सत्तेचाळिशीच्या आसपास. चाळिशी ओलांडलेल्याने नाव नोंदवण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, हे मी मित्रांना इतक्यांदा सांगितलंय की ते आता फोन उचलत नाहीत.

बोया आणि किनारा

पुढे गर्दी विरळ होते, पण प्रत्येक बोयापाशी पुन्हा कोंडी होते. सगळ्यांना बोया घासून वळायचं असतं. तुम्ही पाच मीटर लांबून वळा. फार तर दहा मीटर जास्त पोहावं लागेल, म्हणजे सावकाश पोहणाऱ्याची पंधरा सेकंदं. कोंडीत अडकून त्याहून जास्त जातात.

किनारा जवळ आला की लोक घाईने उभे राहतात, पाणी छातीएवढं असतं आणि मग धड चालता येत नाही की पोहता येत नाही. हाताला वाळू दोनदा लागेपर्यंत पोहत राहा. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय जरा जोरात मारा, म्हणजे उभं राहिल्यावर चक्कर येणार नाही. समुद्र असेल तर उठताना एकदा मागे बघा, गुडघ्यात मारणारी लाट तिथूनच येते. गॉगल कपाळावर सरकवा आणि चालताचालता वाकून घोट्याला हात लावून बघा. ओढाताणीत चिप निसटली असेल तर सायकल घेण्याआधीच तिथल्या पंचांना सांगा, दुसरी मिळते.