मेअखेरीस मालवणातले लॉन: पैसे कुठे घालावेत, कुठे हात आखडावा

मे महिना संपत आला की मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरे या पट्ट्यात घरापुढच्या हिरवळीचा प्रश्न एकदम अंगावर येतो. बंद घरे चाकरमान्यांनी उघडलेली असतात. होम-स्टे चालवणाऱ्यांचा हंगाम सरत आलेला असतो आणि हातात दोन पैसे असतात. समोर लॉन म्हणून जे उरलेले असते ते अर्धे पिवळे, अर्धे गुडघाभर रान. अशा वेळी पहिला कंत्राटदार येतो आणि म्हणतो, ‘हे सगळे काढून टाकू, नवे कार्पेट घालू.’ माती, गवत, मजुरी धरून चौरस फुटाला तीस ते चाळीस रुपये. अंगण एक गुंठ्याचे, म्हणजे १०८९ चौरस फुटांचे असेल, तर हा आकडा तेहतीस ते चव्वेचाळीस हजारांवर जातो.

हा खर्च मेअखेरीस करू नका. दुर्लक्षित लॉन बहुतेक वेळा मेलेले नसते, पाण्यावाचून निपचित पडलेले असते. त्याला जागे करायचे काम पाऊस करतोच, आणि सिंधुदुर्गात तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. आपण पैसे घालायचे ते पावसाला न करता येणाऱ्या कामांवर: कापणी, साफसफाई, माती आणि पाण्याचा निचरा. ही कामे नीट केली तर त्याच गुंठ्याचा खर्च दहा हजारांच्या आसपास राहतो. पुढे दिलेले दर या किनाऱ्यावरचे ढोबळ अंदाज आहेत. मोसम, गाव आणि ओळख यांप्रमाणे त्यांत शे-दोनशेचा फरक पडणारच.

आधी गवत जिवंत आहे का ते बघा, त्याला एक पैसाही लागत नाही. सर्वांत वाळलेल्या जागी जमिनीलगत सरपटणारा हरळीचा धावरा शोधा आणि नखाने त्याची साल खरवडा. आत पांढुरका किंवा फिकट हिरवा ओलसर गर दिसला तर तो जिवंत आहे. पोकळ आणि तपकिरी असून काडीसारखा कट्‌कन मोडला तर मेलेला. खात्री हवी असेल तर अंगणात तीन-चार ठिकाणी हातभर चौकोन आखून घ्या आणि रोज संध्याकाळी त्यांवर तांब्या-दोन तांबे पाणी घाला. आठ-दहा दिवसांत पेरांपाशी सुईसारखे हिरवे कोंब वर आले, तर नव्या लॉनचे बोलणे थांबवायला हरकत नाही. निम्म्याहून अधिक चौकोन कोरडे राहिले, तरच पुनर्लावणीचा विचार करा, आणि तोही पावसात.

पहिला खर्च कापणीचा. ग्रास कटर घेऊन येणारा कोणी तासावर दर सांगतो, कोणी दिवसावर, तर कोणी पेट्रोलच्या टाकीवर. काम सुरू होण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: पेट्रोल कोणाचे आणि कापलेले गवत गोळा करायचे कोणी? बहुतेक वादावादी या दुसऱ्या प्रश्नावर होते. गुंठाभर रानाला मशीनवाल्याचे दिवसाचे बारा-पंधराशे, मदतनीस गड्याचे सहाशे-सातशे आणि पातेरा ओढायला दोन बायांचे प्रत्येकी चारशेच्या आसपास धरले, तर तीन हजारांत अंगण मोकळे होते. मशीन दगड उडवते. जांभ्याचा खडा काचेवर बसला तर भरपाई कोणाची, हेही आधीच ठरवावे.

आणि सापांचे. आपल्या भागात फुरसे फार. ते पाचोळ्याच्या रंगाचे, वीतभर-हातभर लांबीचे असते आणि दगडाखाली, गडग्याच्या फटीत, पडून राहिलेल्या झावळांच्या ढिगाखाली दडून बसते. ढीग हाताने उचलायचा नाही, आधी लांब काठीने हलवायचा. कामाला येणाऱ्या बायांना गमबूट द्यावेत. तीनशे-चारशे रुपयांचा जोड आहे, यात काटकसर करू नये. दंश झालाच तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नका, थेट ग्रामीण रुग्णालय गाठा.

पहिली कापणी उंच ठेवावी. गवत दोन फूट वाढलेले असले तरी तीन-चार बोटे शिल्लक राहू द्यावीत. मेच्या उन्हात एकदम जमिनीसरशी कापले तर धावऱ्यांवरची सावली जाते आणि जिवंत असलेलेही करपते. जमिनीसरशी खरवडायचे ते वळवाच्या एक-दोन सरी पडून माती ओली झाल्यावर. दात्याळ्याने मुळाशी साठलेला वाळका थर ओढून काढायचा. या थरामुळेच पाणी खाली मुरत नाही. वाळके गवत जागच्या जागी पेटवून देण्याचा मोह इथे अनेकांना होतो, कारण भाताच्या तरव्याला भाजावळ करायची सवय. लॉनवर मात्र आगीने वरच्या धावऱ्यांचे डोळे भाजतात आणि शेजारच्या काजूला झळ लागते ती वेगळीच. तो पातेरा माडाच्या अळ्यात पसरा. आच्छादन होते आणि वाहून नेण्याचा टेम्पोचा खर्चही वाचतो.

मातीच्या बाबतीत आपल्या तालुक्यात दोन वेगळे प्रदेश आहेत आणि एकाचा उपाय दुसरीकडे चालत नाही. कट्टा, मसुरे अशा आतल्या गावांत जांभ्याची तांबडी माती. ती आम्लधर्मी असते, पावसाने तिच्यातले अन्न धुऊन जाते आणि वर्षभर पायांखाली तुडवली गेली की दगडासारखी बसते. तारकर्ली-देवबागकडे वाळू. तिच्यात पाणी थांबतच नाही आणि शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे चुन्याची कमी नसते. म्हणून ‘लॉनला चुना मारा’ हा सल्ला आतल्या गावात उपयोगी पडू शकतो, पण किनाऱ्यालगत तो पैसे पाण्यात घालण्याचा प्रकार आहे. चुना किती घालायचा हे अंदाजाने ठरवू नये. अंगणात चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती काढून एकत्र कालवावी आणि त्यातली अर्धा किलो तपासणीला द्यावी. मालवण तालुक्यातच किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करावी. तपासणीला लागणारे पैसे एका चुकीच्या खतगोणीपेक्षा कमीच असतात.

वरून पसरायच्या मातीचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे, कारण इथे ब्रासावर फसगत होते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एका गुंठ्यावर इंचभर थर द्यायला सुमारे नव्वद घनफूट लागतात. जुन्या लॉनला अर्धा इंच पुरतो, म्हणजे अर्धा ब्रास. इंचभर थर जिवंत गवताला गुदमरवतो, तरी ‘दोन ब्रास लागतील’ असे सांगणारे भेटतात. अर्धा ब्रास चाळलेली माती घरपोच अडीच हजारांपर्यंत, शंभर किलो गांडूळ खत हजार ते पंधराशे, आणि पसरण्याची मजुरी हजारभर. समुद्रावरची वाळू भरून आणू नका. ती खारट असते, आणि तिथून उचलणे कायद्यातही बसत नाही.

शेणखताबद्दल एक सांगावेसे वाटते, कारण माड असलेल्या प्रत्येक घराला ते लागू आहे. कच्चे, गरम शेणखत स्वस्त मिळते म्हणून लोक लॉनवर पसरतात आणि उरलेल्याचा ढीग कोपऱ्यात ठेवतात. माडाचा गेंड्या भुंगा अशाच कुजत्या शेणात अंडी घालतो. भुंगा झाला की पुढे माडाच्या नव्या झावळांवर कातरल्यासारखे त्रिकोणी काप दिसू लागतात. पुरते कुजलेले, वास न येणारे, हातात भुसभुशीत लागणारे खतच घ्या. युरिया आत्ता टाकू नका. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात तो धुऊन जातो. श्रावणात पाऊस ओसरला की गुंठ्याला किलोभर पुरतो.

आता पाण्याचा हिशेब, ज्यामुळे नवे लॉन मेमध्ये परवडत नाही. नव्या गवताला दिवसाला चौरस मीटरमागे पाच लिटर तरी पाणी हवे. गुंठ्याला हे रोजचे पाचशे लिटर होते. पाच हजार लिटरचा टँकर दहा दिवस पुरेल, आणि तोही हजार-बाराशेच्या खाली मिळणे कठीण. गावात पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना टँकरचे पाणी गवतावर ओतणे मला पटत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मेमध्ये मचूळ होते. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीत तर विशेष. चाखून खारट लागले तर ते पाणी लॉनला देऊच नका, साचलेले मीठ पावसाला धुऊ द्या.

लावणी करायचीच तर मृग लागल्यावर, म्हणजे ७ जूननंतर पाऊस स्थिर झाला की, आणि आर्द्राच्या आत उरकावी. पुनर्वसूचा मुसळधार पाऊस सुरू झाला की कोवळी रोपे वाहून जातात. रिकाम्या चकत्यांसाठी गवत विकत आणायची गरज नाही. अंगणाच्या दाट कोपऱ्यातली हरळी उपटून तिचे दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर टोचावेत. पाव गुंठा रिकामा असेल तर तीन बायांचे एका दिवसाचे काम, म्हणजे बाराशे रुपये. माडाच्या दाट सावलीत हरळी धरत नाही, तिथे रुंद पानांचे कार्पेट गवत लावा किंवा ती जागा सरळ मोकळी सोडा. खाऱ्या वाऱ्यात थेट समुद्रासमोर अंगण असेल तर खारेपणा सोसणारे पास्पालम मागावे. ते महाग पडते, पण तिथे दुसरे टिकत नाही.

समुद्राकडच्या वाळूच्या टेकाडावर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा वाढलेल्या असतात. पर्यटकांना समुद्र दिसावा म्हणून त्या काढून तिथे लॉन वाढवायचे, असा प्रस्ताव कोणी आणला तर साफ नाही म्हणा. वाळू धरून ठेवणाऱ्या याच वनस्पती आहेत. शिवाय सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत जिवंत वाळूच्या टेकड्यांमध्ये फेरबदल करायला मनाई आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले, ते इथे कोणी विसरलेले नाही.

तणांत खरा शत्रू लव्हाळा. टाकळा, लाजाळू, रानमोडी मुळासकट उपटता येतात, आणि कोवळा टाकळा तर भाजीलाच जातो. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खोल राहतात. पाऊस पडून माती मऊ झाली की खुरप्याने गाठीसकट काढणे, आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा काढणे, हाच घरगुती उपाय. दुकानदार ग्लायफोसेट पुढे करील. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने त्याचा वापर पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. आणि आपल्याकडे विहीर अंगणातच असते, हे कारण मला पुरेसे वाटते.

निचरा पावसाआधीच बघावा लागतो. घरापासून गडग्याकडे तेहतीस फुटांत चार इंच उतार पुरतो. छपराच्या पागोळ्या पडतात त्या रेघेत गवत कधीच जगत नाही. तिथे हातभर रुंदीची खडीची किंवा फुटक्या चिऱ्यांची पट्टी करा, पागोळ्यांच्या मारापासून भिंतही वाचते.

शेवटचा खर्च आपण मुंबईला परतल्यानंतरचा. जूनमध्ये निघून गेलात आणि चतुर्थीला आलात, तर पुन्हा गुडघाभर गवत आणि पुन्हा तीन हजार. त्यापेक्षा निघतानाच गावातल्या माणसाशी चार कापण्यांचे बोलून ठेवा: दोन जुलैत, एक नारळी पौर्णिमेच्या सुमारास, एक चतुर्थीच्या आठवडाभर आधी. एका कापणीचे हजार रुपये, गवत उचलण्यासकट. दोन कापण्यांचे पैसे आधी द्यावेत, उरलेले प्रत्येक कापणीचा फोटो आल्यावर. भर पावसात ओल्या गवतावर मशीन चालवायला सांगू नये, उघडीप मिळेल तेव्हा काम, एवढी सूट त्याला द्यावी.