जुन्या गाडीला टर्बो बसवावा का?

प्रश्न : माझी 1.2 लिटरची साधी पेट्रोल गाडी आहे. टोमॅटोला यंदा भाव चांगला मिळाला. माळशेज घाटात गाडी दमते म्हणून टर्बो बसवायचा विचार आहे. पैसे वसूल होतील का? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : नाही, बसवू नका. तुमच्या जवळचं जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे. उंचीमुळे अशा इंजिनाची ताकद इथे जेमतेम सात टक्के घटते. घाटात गाडी दमते ती बहुधा भरलेल्या डिकीमुळे आणि उशिरा टाकलेल्या गिअरमुळे.

टर्बो एकटा येत नाही. इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, जास्त दमाचा क्लच, ईसीयूचं नवं ट्यूनिंग, सगळं मागोमाग येतं. तुमच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो आधीच जास्त आहे. त्यात हवा दाबून भरली की नॉकिंग होतं. असा एक पिस्टन मी उघडून पाहिलाय. कडेचा तुकडा उंदराने कुरतडल्यासारखा गेला होता. शिवाय टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तेल बदलायला उशीर झाला की आधी त्याचंच बेअरिंग जातं.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलात असा बदल चालत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते.

आधी प्लग, एअर फिल्टर, क्लच तपासा. टायर आणि ब्रेक पॅड नवे घाला, घाट उतरताना तेच कामाला येतात. वेगाची हौस खरीच असेल, तर ही गाडी विकून कंपनीनेच टर्बो दिलेली गाडी घ्या.