उद्या सकाळी धुके पडेल काय?



मार्गशीर्ष-पौषातील एखाद्या सकाळी तुम्ही सायकलीवरून शाळेस निघता, तो समोरचा रस्ताच नाहीसा झालेला असतो. मोटारीचा कर्णा ऐकू येतो, परंतु मोटार दिसत नाही. शाळेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत केस आणि भुवया ओल्या होतात. आदल्या सायंकाळी तर आकाश इतके निरभ्र होते की, कोणास शंकाही आली नसती. मग आपण म्हणतो, "आज अचानक धुके पडले!" वस्तुतः धुके अचानक पडत नाही. त्याची चाहूल आदल्या सायंकाळीच घेता येते. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या भागात धुके दोन प्रकारचे असते. पावसाळ्यात आंबोली किंवा चोर्ला घाटात जे दिसते, ते म्हणजे डोंगराला टेकलेला ढगच होय. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि त्यातून तो निर्माण होतो. हिवाळी धुक्याची कथा मात्र निराळी आहे. ते जमिनीलगतच जन्म पावते, रात्री वाढते आणि दिवस वर आला की विरून जाते.

हवेत अदृश्य बाष्प असते. उष्ण हवेत ते अधिक मावते, थंड हवेत कमी. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. १५ अंशांना १२.८ ग्रॅम आणि १० अंशांना केवळ ९.४ ग्रॅम. समजा, सायंकाळच्या हवेत घनमीटरामागे १२.८ ग्रॅम बाष्प आहे. रात्री ती हवा १५ अंशांपर्यंत निवली की संपृक्त होते. या तापमानास त्या हवेचा 'दवबिंदू' म्हणतात. पारा पुढे १० अंशांवर उतरला, तर सुमारे साडेतीन ग्रॅम बाष्पाला हवेत जागा उरत नाही. त्यातील बरेचसे गवतावर व पानांवर दव होऊन बसते आणि थोडेसे हवेतील धूलिकणांभोवती जमून धुक्याचे थेंब बनतात. दव आकाशातून पडत नसून थंड झालेल्या वस्तूंवरच जमते, हे विल्यम वेल्स यांनी १८१४ साली आपल्या निबंधात दाखवून दिले. थेंब जमण्यास धूलिकणांचा आधार लागतो, हे पुढे जॉन एटकेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने प्रयोगाने सिद्ध केले. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणून तो खाली न पडता तरंगत राहतो.

आता प्रश्न असा की, धुके दरीतच का साचते? जमीन दिवसा मिळालेली उष्णता रात्री आकाशाकडे सोडून देते. आकाशात ढग असले, तर पांघरुणाप्रमाणे ते ही उष्णता अडवितात; निरभ्र रात्री ती मुक्तपणे निघून जाते. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे रात्र जवळजवळ तेरा तासांची असते, म्हणून जमीन फार निवते. तिच्या स्पर्शाने थंड झालेली हवा जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी सखल भागाकडे ओघळते. त्यामुळे तळाशी थंड व वर उष्ण हवा असा उलटा क्रम तयार होतो. वरची उष्ण हवा झाकणाचे काम करते आणि खालची दमट हवा कोंडून पडते.

आपल्या प्रदेशाची घडण यास अनुकूलच आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर पठारावर वसले आहे, तर निपाणीजवळून वाहणाऱ्या वेदगंगेचे खोरे त्याहून बरेच खाली आहे. अशा सकाळी स्तवनिधीच्या डोंगरावरून किंवा राजहंसगडावरून खाली पाहावे. गावे दिसत नाहीत. दिसतो तो पांढरा जलाशय, आणि त्यातून डोके वर काढणारी झाडे. माथ्यावर मात्र लख्ख ऊन असते.

संपूर्ण हिवाळ्याचा अंदाजही याच विचाराने बांधता येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस चांगला झाला, तर शिवारातील ओल टिकते आणि नंतरच्या निरभ्र, शांत रात्री धुक्यास पोषक ठरतात. नदीकाठच्या उसाला दिलेले पाणीही त्यात भर घालते. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात वादळ होऊन ढग आले, तर ते दिवस उबदार व बिनधुक्याचे जाण्याचा संभव अधिक. परंतु त्याने पाऊस दिला आणि मागाहून आकाश मोकळे झाले, तर सावध राहावे! फेब्रुवारी उजाडला की जमीन कोरडी पडते आणि दाट धुके विरळाच दिसते.

आता सायंकाळची परीक्षा. एका चकचकीत पेल्यात अर्धे पाणी घ्यावे. त्यात प्रयोगशाळेतील तापमापक धरावा आणि बर्फाचे लहान तुकडे टाकीत हळूहळू ढवळावे. पेल्याची बाहेरची बाजू ज्या क्षणी अंधुक होईल, त्या क्षणीचे तापमान हाच साधारणतः दवबिंदू. मागील दोन-तीन पहाटेचे नीचतम तापमान आपण नोंदलेले असावेच. दवबिंदू त्याहून वर असेल, आकाश निरभ्र असेल आणि चुलीचा धूर सरळ वर जाऊन माथ्याशी आडवा पसरत असेल, तर दव जवळजवळ निश्चित आणि धुक्याचा संभव मोठा समजावा. वारा जोराचा असल्यास थर मिसळून धुके मोडते. अगदीच निवांत असल्यास बहुधा दवावरच भागते. यास्तव अंदाज कधी चुकणारच.

हा खटाटोप कशासाठी? शहापूर-वडगावच्या शिवारात भातामागून घेतलेला मसूर-वाटाणा फुलावर असताना पाने फार वेळ ओली राहिली, तर रोगास वाव मिळतो. औषध फवारावयाचे, तर पाने सुकेपर्यंत थांबावे लागते. निपाणीकडील तंबाखूची वाळलेली पाने कोरड्या हवेत हाताळताना चुरतात. ओलाव्याने ती मऊ होतात. परंतु ओल अधिक झाली, तर बुरशी धरते. एका रात्रीच्या हवेवर वर्षाची मेहनत अवलंबून असते.

याहून मोलाची गोष्ट जिवाची. दृष्टी एक किलोमीटरच्या आत आली की शास्त्रज्ञ त्यास धुके म्हणतात, आणि २०० मीटरच्या आत आली की दाट धुके. पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या दारातूनच जातो. त्यावरून वेगाने येणाऱ्या वाहनास बिनदिव्याची सायकल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आदल्या रात्री अंदाज असेल, तर घरातून दहा मिनिटे लवकर निघता येते, दिवा लावता येतो, रस्ता ओलांडताना सायकल हातात धरता येते.

धूर कोंडला तर काय होते, हे लंडनने १९५२ च्या डिसेंबरात अनुभवले. ५ ते ९ तारखांच्या त्या धुरकट धुक्याने हजारो माणसे दगावली. उसाचा पाला सायंकाळी पेटविणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. तो धूर रात्रभर आपल्याच खोऱ्यात राहतो.

आपल्या देशात हवामान खाते १८७५ पासून कार्य करीत आहे आणि त्याचा अंदाज आपण ऐकावाच. परंतु तो विस्तृत प्रदेशाचा असतो. सांब्र्याच्या माळावरील हवा आणि वेदगंगेकाठच्या मळ्यातील हवा एक नव्हे. तो फरक तेथे राहणाराच नोंदू शकतो. म्हणून वर्गात एक वही ठेवा. सायंकाळचा दवबिंदू, आकाश, वारा, आपला अंदाज आणि सकाळी प्रत्यक्ष काय झाले, हे रोज लिहा. चुकलेला अंदाज खोडू नका. त्यातूनच अधिक शिकावयास मिळते. पाच-दहा हिवाळ्यांच्या नोंदी जमल्या म्हणजे तुमच्या गावापुरते तरी या वहीइतके विश्वसनीय पुस्तक दुसरे नसेल.